चामडी होल्स्टरचा फर्मा कसा काढावा

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि फर्मा म्हणजे चामडं कापायचा कागदी नमुना. माझ्या पहिल्या फर्म्यात मी पिस्तुलाच्या बाह्यरेषेपासून सगळीकडे सारखंच अंतर सोडलं होतं. शिवून झाल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आत जाईना, आणि ट्रिगर गार्डपाशी (ट्रिगरभोवतीच्या कड्यापाशी) मात्र चामडं सैल राहिलेलं. पिस्तुलाची जाडी जागोजागी बदलते, म्हणून फर्माही तिच्या हिशेबाने काढावा लागतो. इथे दोन तुकड्यांच्या, कमरपट्ट्यावर बसणाऱ्या चपट्या, म्हणजे पॅनकेक होल्स्टरचं सांगतो.

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालूनही खात्री करा आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच मापाचं प्लॅस्टिकचं डमी मिळालं तर फारच उत्तम.

पिस्तूल कागदावर आडवं ठेवा. एका बाजूला कलत असेल तर खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. पेन्सिल अगदी उभी धरून रेषा काढा. ती जराशी आत झुकली तरी रेषा एक-दोन मिलिमीटर चुकते, आणि तेवढ्यानेच होल्स्टर आवळतं.

आता खरं काम. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन स्लाइड, फ्रेम (स्लाइडखालचा सांगाडा), ट्रिगर गार्ड यांची जाडी वेगवेगळी मोजा. त्या त्या जागी जाडीच्या निम्मं अधिक चामड्याची जाडी, एवढं अंतर रेषेबाहेर सोडून खूण करा. चामडं ३ मिमीचं असेल, तर २६ मिमी जाड स्लाइडपाशी १३ + ३ = १६ मिमी; १२ मिमीच्या गार्डपाशी फक्त ९. खुणा हलक्या हाताने जोडल्या की शिवणीची रेषा तयार. तिच्या बाहेर कडेसाठी ८ ते १० मिमी ठेवा.

ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलाच पाहिजे. यात तडजोड नको. मुठीकडची कड मात्र पूर्ण पकड बसेल इतकी खाली घ्या. हात ठेवून बघा, बोटं चामड्याला अडता कामा नयेत. पुढची साइट (नेम धरायचा उंचवटा) शिवणीला घासू नये म्हणून तिथे थोडी जास्त जागा सोडा. ३८ मिमी रुंद कमरपट्टा ओवायला खाच ४० मिमी लांब पुरते.

फर्मा पुठ्ठ्यावर उतरवा आणि मागच्या तुकड्यासाठी तोच उलटा ठेवून आखा, नाहीतर चामड्याची दाणेदार (वरची, दिसायची) बाजू आत जाते. चामडं कापण्याआधी ३ मिमी जाड फेल्टचे दोन तुकडे कापून कच्ची टीप घाला आणि पिस्तूल घालून-काढून बघा. जरासं घट्ट वाटलं तर चालेल, आकार देताना ओलं केलेलं चामडं थोडं ताणलं जातं.

जमलेल्या फर्म्यावर पिस्तुलाचं मॉडेल आणि चामड्याची जाडी लिहून ठेवा. ३ मिमीसाठी काढलेला फर्मा २ मिमीच्या चामड्याला ढिला होतो.