संक्रांतीचे भेटकार्ड घरी कसे करावे : चंद्रकळेच्या बुट्ट्यांची पार्श्वभूमी

संक्रांतीला लांबच्या नातेवाइकांना छोटे भेटकार्ड टपालाने पाठवावे आणि त्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घालावेत, ही पद्धत मराठी घरांत बरीच वर्षे चालू होती. असे कार्ड घरी करताना पुष्कळांचा गोंधळ मजकुरापाशी किंवा चित्रापाशी होत नाही, तो मागच्या मोकळ्या कागदापाशी होतो. कागद कोरा ठेवला तर कार्ड उघडे वाटते आणि रंगवायला घेतले तर मजकूर त्यात बुडतो. एकच लहान ठसा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उठवून तयार केलेली पार्श्वभूमी हा त्यावरचा सर्वांत सोपा आणि देखणा उपाय आहे, असे मला अनुभवाने वाटते.

नक्षी कुठून घ्यायची, या प्रश्नाचे उत्तर या सणानेच देऊन ठेवले आहे. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला मात्र आवर्जून नेसला जातो, आणि खडीची चंद्रकळा, म्हणजे ठशांनी बुट्ट्या छापलेली काळी साडी, ही त्या दिवसाची जुनी साडी. काळ्या कापडावरची ती पांढरी, चमकती बुट्टी ठशांनीच उठवलेली असे. म्हणजे आपण जे कागदावर करणार आहोत, ते आपल्याकडे कापडावर आधीच होऊन गेलेले आहे. काळ्या कागदावर पांढऱ्या चांदण्या, एका कडेला लाल काठ आणि मधे फिकट पट्टीवर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, असे हे कार्ड आहे.

साहित्य फारसे लागत नाही. कार्डासाठी २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) पांढरा किंवा मोतिया जाड कागद ए-४ आकारात घ्यावा. एका कागदात दोन कार्डे होतात. नक्षीसाठी साधारण १२० जीएसएमचा काळा कागद, काठासाठी लाल कागदाची पट्टी, ठशासाठी पांढरे, मऊ पण न चुरणारे खोडरबर, धारदार कटर, स्टीलची पट्टी, पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, स्पंजचा तुकडा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एवढे पुरते. कार्यालयातल्या शिक्क्याचे जांभळे स्टॅम्प पॅड या कामाला उपयोगी नाही, कारण त्याची शाई काळ्या कागदावर दिसतच नाही, आणि पांढऱ्या कागदावरही ती पाण्याचा थेंब पडताच पसरते. पिगमेंट शाईचे पांढरे पॅड हौशी कलासाहित्याच्या दुकानात मिळते आणि त्याने ठसा सुबक उमटतो, पण ते महाग असते आणि वाळायला फार वेळ लावते. पोस्टर रंग स्वस्त असला तरी वाळल्यावर बोटाला लागतो, म्हणून मी अ‍ॅक्रिलिक रंगच वापरते.

ठसा कापणे

खोडरबराचा ८ मिलिमीटर लांबीरुंदीचा चौकोनी तुकडा कापून घ्यावा. त्याच्या चारही बाजूंच्या बरोबर मध्यावर आतल्या दिशेने टोक असलेला लहान त्रिकोण पेन्सिलीने काढावा; त्रिकोणाचे टोक कडेपासून अडीच मिलिमीटर आत यावे, त्याहून खोल नको. आता हे चारही त्रिकोण कटरने कापून टाकले की चौकोनाचे चार कोपरे चार टोके बनतात आणि चांदणी तयार होते. सुरी फिरवण्यापेक्षा रबर फिरवावे, म्हणजे हाताचा कोन बदलत नाही. काप सरळ खाली न घेता किंचित बाहेरच्या उताराने घ्यावा. ठशाचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहिला तर दाब देताना टोके वाकत नाहीत आणि शेवटच्या कार्डापर्यंत चांदणी टोकदार राहते. उलट पायाशी पोखरलेला ठसा दहा-बारा वेळा वापरल्यावर फाटू लागतो. हे कापकाम मुलांच्या हाती देऊ नये. रंग लावणे आणि ठसे उठवणे मात्र सात-आठ वर्षांची मुले फार मन लावून करतात.

तयार तुकडा बाटलीच्या झाकणावर टेपने चिकटवावा, म्हणजे धरायला मूठ मिळते. चांदणी टोकावर उभी राहील अशा बेताने झाकणावर बाण काढून ठेवावा, कारण रंग लावल्यावर ठशाची दिशा ओळखणे अवघड जाते.

चांदणीऐवजी चंद्रकोर, कोयरी किंवा अक्षर कोरायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ठसा नेहमी उलटा उमटतो. त्यासाठी चित्र मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर सुलटे काढावे आणि तो कागद रबरावर पालथा घालून नखाने घासावा. रबरावर चित्र आपोआप उलटे उतरते आणि कोरून झाल्यावर कागदावर सुलटे येते. स्वतः कोरायचे नसेल तर गावातल्या रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे काळ्या शाईने काढलेले ठसठशीत चित्र द्यावे. मात्र आत शाई भरलेला शिक्का न घेता साध्या मुठीचा मागावा, कारण आत शाई असलेल्या शिक्क्याला आपला पांढरा रंग लावता येत नाही.

अंतर ठरवणे

या साऱ्या कामात खरे कसब ठशात नसते, ते दोन ठशांमधल्या मोकळ्या जागेत असते. पहिल्या वर्षी मी चांदण्या इतक्या जवळ जवळ उठवल्या होत्या की कार्ड हातात घेतल्यावर डोळा कुठे ठरतच नव्हता, आणि मधे चिकटवलेली पट्टी त्या गर्दीत हरवून गेली. तेव्हापासून मी एक माप पाळते : बुट्टी जेवढी रुंद असेल, तिच्या निदान दीडपट जागा दोन बुट्ट्यांमध्ये मोकळी सोडायची.

दुसरा प्रश्न मांडणीचा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. रांगोळीत ठिपके कधी एकाखाली एक सरळ मांडतात आणि कधी वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्यावर खालचा ठिपका घेतात. सरळ मांडणीत कागदावर उभ्या-आडव्या रेघा भासतात आणि ठसा जरासा चुकला तरी ती रेघ मोडलेली लगेच दिसते. मधल्या ठिपक्याची मांडणी तिरकस वाहते, डोळ्याला मऊ लागते आणि एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी सांभाळून घेते. नवशिक्याने म्हणून हीच निवडावी.

मापे अशी घ्यावीत. १२ × १७ सेंटिमीटरचा एक साधा कागद घेऊन त्यावर एका ओळीत तीन-तीन सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. त्याखालची ओळ दीड सेंटिमीटर खाली घ्यावी आणि तिच्यातल्या खुणा दीड सेंटिमीटर बाजूला सरकवाव्यात. असे शेवटपर्यंत करून प्रत्येक खुणेवर जाड सुईने भोक पाडावे. हा झाला साचा. तो त्याच मापाच्या काळ्या कागदावर ठेवून भोकांतून टोकदार पेन्सिलीने ठिपके दिले की काळ्यावर ते किंचित चकाकतात, आणि नंतर प्रत्येक ठिपका चांदणीखाली झाकला जात असल्यामुळे खोडावे काहीच लागत नाही. एकच कार्ड करायचे असेल तर साच्याचा खटाटोप जास्त वाटेल. पण दहा कार्डे करायची असतील तर साचा करण्यात गेलेली पंधरा मिनिटे पुढे तासभर वाचवतात.

कागद मुद्दाम मोठा घेतला आहे. ठसे उठवून झाल्यावर तो कापून ९७ × १४० मिलिमीटरचा करायचा आहे, म्हणजे कडेच्या काही चांदण्या अर्ध्या कापल्या जातील. त्या कापल्या गेल्या पाहिजेत. सगळ्या बुट्ट्या कागदाच्या आत नीट मावलेल्या असतील तर ती मोजून केलेली चौकट दिसते. कडेला तुटलेल्या असतील तर मोठ्या साडीतून कापून घेतलेला तुकडा वाटतो.

ठसे उठवणे

काळ्या कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घालाव्यात. या किंचित मऊ बैठकीमुळे ठशाचे चारही कोपरे कागदाला सारखे टेकतात. हातकागद वापरायचा असेल, आणि पुण्याच्या हातकागद संस्थेत तो सुंदर मिळतो, तर ही बैठक आणखी जाड हवी, कारण खडबडीत पृष्ठभागावर रंग जागोजागी सुटतो.

अ‍ॅक्रिलिक रंगात पाणी घालू नये. ठसा रंगात बुडवूही नये. बुडवला की कडेने रंग ओघळतो आणि चांदणीची टोके भरून ती चौकोनी दिसू लागते. बशीत थोडा रंग पसरून त्यात स्पंजचा तुकडा टेकवावा, जास्तीचा रंग बशीच्या कडेला पुसावा आणि स्पंजने ठशावर हलकेच थापटावे. मग ठसा सरळ वरून खाली टेकवून मनात दोन आकडे मोजेपर्यंत दाबावा आणि न हलवता सरळ वर उचलावा. पहिले दहा ठसे रद्दी कागदावर उठवून पाहावेत, कारण रंग किती आणि दाब किती हे हाताला त्यातूनच कळते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून वरच्या ओळीने सुरुवात करावी, म्हणजे ओल्या रंगावर मनगट घासत नाही.

दर पाच-सहा ठशांनंतर ठसा ओल्या फडक्याने पुसावा आणि कोरडा करावा. अ‍ॅक्रिलिक रंग खाचांत एकदा वाळला की निघत नाही आणि ठसा बोथट होतो. एखादी चांदणी फिकी उमटली तर तिच्यावर पुन्हा ठसा देऊ नये. तो तंतोतंत त्याच जागी बसत नाही आणि कडा दुहेरी होतात. राहिलेला भाग टाचणीच्या किंवा दातकोरणीच्या टोकाने भरावा, किंवा तसाच सोडावा. थोड्या कमीजास्त उमटलेल्या बुट्ट्या मला तर आवडतात, कारण हाताने केलेले काम त्यांच्यातूनच ओळखू येते. चांदण्या वाळल्यावर, हवे असल्यास, काडेपेटीच्या काडीचे मागचे टोक रंगात टेकवून मधल्या जागी तिळाएवढे ठिपके द्यावेत; मात्र सगळ्या जागा भरू नयेत.

रंग अर्ध्या तासात बोटाला कोरडा लागतो, तरी कागद रात्रभर मोकळा ठेवावा. एकदा घाईने मी आठ कागद एकावर एक रचले आणि सकाळी ते एकमेकांना चिकटलेले निघाले. वेगळे करताना चांदण्यांबरोबर काळा रंगही सुटून आला. वाळल्यावर कागद थोडा वळलेला असतो. तो स्वच्छ कागदात धरून जाड पुस्तकाखाली काही तास ठेवला की सपाट होतो.

कार्ड जुळवणे

जाड ए-४ कागद लांबीच्या मध्यावर कापला की १४८ × २१० मिलिमीटरचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मध्यावर दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड होते. कापण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. तो जिथे सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर त्याचे तंतू असतात, आणि घडी तंतूंना समांतर आली तरच ती भेगाळत नाही. घडीच्या जागी स्टीलच्या पट्टीने शाई संपलेली रिफील ओढून खाच पाडावी आणि खाच बाहेरच्या बाजूला येईल अशी घडी घालावी.

मग ९७ × १४० मिलिमीटरला कापलेल्या नक्षीच्या कागदाच्या एका लांब कडेला १ सेंटिमीटर रुंदीची लाल पट्टी लावावी. हा साडीचा काठ. तो लागताच काळा-पांढरा कागद चंद्रकळा दिसू लागतो. आता हा कागद कार्डावर चारही बाजूंना ४ मिलिमीटर सोडून टेपने चिकटवावा. पातळ गोंद वापरू नये, त्याने कागद ओला होऊन लाटा येतात. शुभेच्छा लिहिलेली पट्टी सुमारे ७० × ३० मिलिमीटरची आणि पूर्ण कोरी असावी. तिच्यावर एकही चांदणी नको. मजकूर आधी लिहावा, पट्टी मग चिकटवावी, म्हणजे अक्षर बिघडले तर नक्षी वाया जात नाही.

या मापाचे कार्ड ११४ × १६२ मिलिमीटरच्या पाकिटात नीट बसते, आणि पाकिटासह सगळ्याचे वजन साधारण १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साध्या टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात राहते. उरलेल्या वजनात चिमूटभर तीळ बटर पेपरच्या घडीत घालून पाठवता येतात. हलव्याचे दाणे मात्र टपालात चुरतात आणि पाकिटाला उंचवटा आणतात. कार्ड १४ जानेवारीला पोचले नाही तरी हळहळू नये. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. कापताना उरलेल्या काळ्या कडांच्या पट्ट्यांना भोक पाडून दोरा ओवावा. हळदीकुंकवाच्या वाणाला बांधायला त्या छान दिसतात.