ज्यू-ख्रिश्चन प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय? मग आधी गेट किती वाजता बंद व्हायचं ते शोधा

ही कादंबरी बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. ती ज्यू, तो ख्रिश्चन किंवा उलटं, काळ जुना, शहर युरोपातलं, घरच्यांचा विरोध, शेवटी कुणीतरी मरतं. आणि मग चाळीसेक पानांवर गाडी अडते, कारण "समाजाचा विरोध" सोडला तर हातात काही मालच नसतो. समाज म्हणजे नेमकं कोण? मनाई नक्की कशाची होती, ती राबवायचं कोण आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जायचा, एवढं शोधलंत ना की अर्धा प्लॉट तिथेच सुटतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं काम, शहर आणि दशक फिक्स करा. "मध्ययुगीन युरोप" अशी कुठली जागा नसते. मी व्हेनिसच सुचवेन, कारण तिथे नियम कागदावर आहेत आणि ते वाचले की डोळ्यापुढे गल्लीच उभी राहते. २९ मार्च १५१६ ला तिथल्या सरकारने हुकूम काढला की सगळ्या ज्यूंनी घेट्टोत राहायचं. म्हणजे चारी बाजूंनी कालवे असलेलं छोटंसं बेट, सुरुवातीला माणसं सुमारे ७००, आत-बाहेर करायला दोन गेटं. सकाळी सेंट मार्क चौकातल्या मारांगोना नावाच्या घंटेवर गेट उघडायचं, संध्याकाळी उन्हाळ्यात सूर्यास्तानंतर तासाभराने बंद आणि हिवाळ्यात दोन तासांनी. पहारेकरी ख्रिश्चन. कालव्यातून होड्या फिरायच्या, रात्री कुणी निसटू नये म्हणून. आणि खरी गंमत पुढे आहे, या पहारेकऱ्यांचा पगार आणि होड्यांचा खर्च ज्यूंनीच भरायचा!

आता हे वापरायचं कसं ते बघा. नेहमीचा सीन असा असतो, "आपलं प्रेम हे जग कधीच मान्य करणार नाही," तो म्हणाला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डिलीट करा. त्याऐवजी ती गेटापाशी थांबलीय, अंधार पडत आलाय आणि ती विचारते, "याला पगार कोण देतं?" तो म्हणतो, "आम्हीच. बाबा दर महिन्याला वर्गणी भरतात." ती म्हणते, "म्हणजे तुला आत कोंडायचे पैसे तूच देतोस?" आणि तेवढ्यात पहारेकरी ओरडतो. बास, इथे रडायची गरजच नाही, वाचक आपलं आपण बघून घेतो.

भेट कुठे घडवायची हा पुढचा प्रश्न, आणि इथे लोक हमखास बाजारातली टक्कर घालतात, संत्री सांडतात वगैरे. गरजच नाही हो. ज्यूंना धंदे मोजकेच करू द्यायचे, गहाणावर कर्ज, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी. म्हणजे गरीब ख्रिश्चन माणूस अंगावरचा कोट गहाण टाकायला दिवसाढवळ्या घेट्टोत यायचाच. घेट्टोतल्या बँका ख्रिश्चन गरिबांसाठीच तर ठेवल्या होत्या, सरकार ज्यूंना शहरात राहू देत होतं त्याचं ते एक मोठं कारण. तुमची नायिका हिवाळा संपला की आईची शाल ठेवायला येते आणि थंडी पडली की सोडवायला येते, झाली ना वर्षातून दोनदा भेट, आणि पावती लिहिणारा पोरगा तीच पावती मुद्दाम सावकाश लिहितो. शनिवारी दुकान बंद (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस), हे तिला कळायला एक फुकटची चक्कर घाला. वैद्य घेतलात तर अजून सोय, ज्यू डॉक्टरांना पेशंटसाठी रात्री बाहेर पडायची परवानगी मिळायची, म्हणजे रात्रीचा सीन कायद्यातच बसतो. आणि छापखाना विसरू नका. डॅनियल बोम्बर्ग हा ख्रिश्चन माणूस व्हेनिसमध्ये हिब्रू पुस्तकं छापायचा, अख्खा तालमुद, म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, त्याने १५२० च्या आसपास छापायला घेतला, आणि त्याच शहरात १५५३ ला सेंट मार्क चौकात तालमुद जाळले गेले. एका बाजूला खिळे जुळवणारा ज्यू आणि दुसऱ्या बाजूला मालकाच्या घरातलं कुणी, मध्ये ही तीसेक वर्षं, याच्यावर वेगळी कादंबरी होईल.

कपड्यांचं सांगायचं तर ज्यू पुरुषाच्या डोक्यावर आधी पिवळी, नंतरच्या काळात लाल टोपी. हे नुसतं वर्णनात टाकून पुढे जाऊ नका, कारण या खुणेचा तुमच्या विषयाशी थेट संबंध आहे. १२१५ ला रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन धर्मसभेने ज्यू आणि मुसलमानांनी वेगळं दिसेल असं घालावं असं ठरवलं तेव्हा कारणच हे दिलं होतं की ओळखू न आल्यामुळे चुकून एकमेकांच्या बायकांशी संबंध येतात. म्हणजे टोपी तुमच्या लव्हस्टोरीला अडवायलाच बनवली होती. नायकाने ती काढून खिशात घातली की तो गुन्हा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, धर्मांतर. इथे नीट वेळ द्या, बाकी सगळं गंडलं तरी चालेल. लग्न दोन धर्मांत होऊच शकत नव्हतं, रजिस्टर ऑफिस नावाचा प्रकार नाही, कुणीतरी एकाने धर्म बदलायचा. पण दोन्ही बाजूंची किंमत सारखी नाही! ज्यू माणूस ख्रिश्चन व्हायला तयार झाला तर चर्च हात पसरून उभं, १५५७ पासून व्हेनिसमध्ये अशा लोकांसाठी खास घरच होतं, तिथे राहायचं, शिकवणी घ्यायची, मग बाप्तिस्मा आणि नवीन नाव. उलट ख्रिश्चन बाई ज्यू झाली तर तो धर्मद्रोह, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह तपासणारं चर्चचं कोर्ट, दारात. म्हणजे "आपण दोघंही त्याग करू" हा डायलॉग खोटा आहे, एकाच्याच त्यागाला रस्ता उघडा आहे आणि दोघांनाही ते माहितीय. तिने कधीतरी अगदी प्रेमाने "तू एवढं करशील ना" म्हणावं आणि त्याला पहिल्यांदा तिची भीती वाटावी, असा सीन मला कुणीतरी लिहिलेला वाचायचाय.

मागे राहणाऱ्यांचं काय होतं तेही बघा. समजा धर्म बदलणारा आधीच लग्न झालेला ज्यू आहे. ज्यू कायद्यात घटस्फोटाचा कागद नवऱ्यानेच द्यावा लागतो (त्या कागदाचं नावही "गेट", पण दाराचं गेट नव्हे). तो ख्रिश्चन होऊन निघून गेला आणि कागद दिलाच नाही तर बायको अडकली, ना नवरा ना दुसरं लग्न. ही बाई कादंबरीत असेल तर वाचकाला प्रेमी युगुलाचा थोडा रागच येईल, आणि यायलाच पाहिजे.

खऱ्या माणसांमध्ये सारा कोपिया सुल्लाम नक्की वाचा. घेट्टोतली कवयित्री, लग्न झालेली, घरी ज्यू-ख्रिश्चन लेखकांची बैठक भरायची. १६१८ ला तिने जेनोआच्या आन्साल्दो चेबा नावाच्या ख्रिश्चन कवीला पत्र लिहिलं, त्याचं बायबलमधल्या ज्यू राणी एस्तेरवरचं काव्य आवडलं म्हणून. चार वर्षं पत्रं, भेटवस्तू, कविता, तिने स्वतःचं चित्रसुद्धा पाठवलं, आणि तो पत्रांतून ख्रिश्चन हो म्हणून मागे लागलेला. ती झाली नाही. दोघं एकदाही भेटले नाहीत. तो १६२२ ला गेला, त्याची पत्रं १६२३ ला छापली गेली, तिची मात्र उरलीच नाहीत. सगळी गोष्ट आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकू येते! तिची पत्रं कल्पनेने लिहायची, याहून चांगली जागा कादंबरीकाराला मिळणार नाही. रोजच्या जगण्यासाठी त्याच काळातला राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लिओन मोदेना बघा, उत्तम प्रवचनकार, पक्का जुगारी, आत्मचरित्रात त्याने स्वतः केलेल्या २६ धंद्यांची यादी दिलीय.

बारीकसारीक चुका जिथे होतात ते पटकन सांगते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला टोमॅटो-बटाटा ताटात घालू नका. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीच्या कागदावर आपल्या हिशोबाने एक वर्ष मागचं असतं. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. आणि जेवण विसरू नका, ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांमुळे तिने प्रेमाने आणलेलं मटण तो खाऊ शकत नाही, वाईन घेऊ शकत नाही, कायद्याच्या आधी डब्यापाशीच अडतं.

मराठीत लिहिताना आपल्याकडे एक हत्यार आहे, तू आणि तुम्ही. दुकानात ती "तुम्ही" म्हणेल की ख्रिश्चन म्हणून सरळ "तू"? तो पहिल्यांदा "तू" कधी म्हणतो? हे आधी ठरवा. फक्त पेशवाई थाटाची भाषा नको, "आपली आज्ञा शिरसावंद्य" वगैरे. धार्मिक शब्दांसाठी कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींचं मराठी साहित्य चाळा, १८४६ ला मुंबईत मराठीसकट हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापलेली आहे. पण त्यांचा मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, उचलून व्हेनिसच्या घरात ठेवू नका, तो इथलाच आहे.

गोवा घ्यायचा मोह होईल, घ्या की, पण ती वेगळी कादंबरी आहे. पोर्तुगालमध्ये १४९७ ला ज्यूंना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं, त्यामुळे गोव्यात आलेले लोक कागदोपत्री ख्रिश्चनच होते, लग्नाला तशी अडचण नाही, पण रक्ताचा संशय पिढ्यान्‌पिढ्या. अशाच घरातला डॉक्टर गार्सिया द ओर्ता १५६८ ला गेला, पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. तिथे प्रेमात पडलेल्या माणसाला आपल्या शेजारी कोण झोपलंय हेच माहीत नसतं, आणि कळलं की साक्ष द्यायला बोलावणं येतं.

शेवट सुरुवातीलाच ठरवा. "दोघं ॲम्स्टरडॅमला पळाले आणि सुखी झाले" हा सोपा रस्ता बंद आहे, तिथेसुद्धा १६१६ च्या नियमात ज्यूंना ख्रिश्चन बायकांशी संबंध ठेवायला मनाई होतीच. जहर-खंजीरही नको, फार झालंय. घेट्टोची गेटं १७९७ ला नेपोलियनची फौज आल्यावर तोडली, तुमची माणसं त्याच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीची, तेव्हा त्यांच्या हातात दोनच गोष्टी आहेत, एकाने नाव बदलायचं किंवा दर हिवाळ्याला शाल सोडवायला यायचं. माझं मत विचाराल तर दुसरा शेवट लिहायला जास्त अवघड आहे आणि तोच लिहा.