रोज ऑफिसला नेताय ती स्पोर्ट्स कार विकायची की ठेवायची, कसं ठरवायचं

"गाडी विकू का" असं जो विचारतो त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोन प्रश्नांचा गुंता झालेला असतो. एक, ऑफिसला रोज कशाने जायचं. दोन, ही गाडी आपल्याकडे असावी का. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला रोज मस्टँग नेणारा माणूस वैतागलेला असतो तो वाकड ब्रिजला आणि शिवाजी चौकातल्या गर्दीला, पण विकायला काढतो गाडी. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की आधी ऑफिसचा प्रश्न सोडवा, मग गाडीचा. उलटं केलं तर गाडी जाते आणि वैताग तसाच राहतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे मी इथे मस्टँग, केमन, झेड४ पासून ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटीआय, अबार्थ पुंटोपर्यंत सगळ्या धरतोय. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रोजच्या ट्रॅफिकमध्ये दुखणी जवळपास तीच.

सुरुवात पेट्रोलपासून करू कारण सगळे तिथेच अडकतात. समजा एका बाजूने १८ किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, म्हणजे साधारण ७९० किलोमीटर. गाडी सिटीत ७ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर महिन्याला जवळपास ११,८०० रुपये. तेच १३ चं ॲव्हरेज देणारी साधी ऑटोमॅटिक हॅचबॅक असेल तर ६,३०० च्या आसपास. फरक साडेपाच हजार, वर्षाला ६५ हजार. आता ६५ हजार काही कमी नाहीत, पण तेवढे वाचवायला तुम्ही सात-आठ लाखांची दुसरी गाडी घेणार, तिचा इन्शुरन्स भरणार, सोसायटीत दुसरं पार्किंग शोधणार, तर हिशोब कुठेच बसत नाही. त्यामुळे फक्त पेट्रोल परवडत नाही म्हणून विकतोय असं कोणी म्हणालं की मी म्हणतो थांबा जरा, खरा खर्च दुसरीकडे आहे.

तो खरा खर्च बघायचा असेल तर गाडीतल्या ट्रिप कॉम्प्युटरवर ॲव्हरेज स्पीड बघा, मायलेज नाही, स्पीड. ऑफिसच्या रस्त्यावर तो ताशी १५ दाखवत असेल तर १५,००० किलोमीटरच्या एका सर्व्हिस इंटरव्हलमध्ये इंजिन १,००० तास चालतं. हायवेवर ताशी ६० ने चालणाऱ्या गाडीचं तेच अंतर २५० तासांत होतं. म्हणजे ओडोमीटरवर आकडा एकच आणि इंजिनने काम केलंय चौपट वेळ, तेही गरम हवेत, जागच्या जागी, पंखा फुल चालू. म्हणून अशी गाडी ट्रॅफिकमध्ये चालत असेल तर ऑइल किलोमीटर बघून बदलू नका, इंटरव्हल निम्मा करा. आणि विकायचं की नाही ठरवताना "माझी गाडी तर फक्त ४० हजार चाललीये" हे स्वतःला सांगू नका, तास किती झाले ते काढा.

अंतर अगदीच कमी असेल, म्हणजे बाणेरहून बालेवाडी वगैरे, तर दुखणं वेगळं. इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आतच बंद होतं, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही त्यामुळे तिथे बसलेला कार्बन धुतला जात नाही. मग कधीतरी सकाळी गाडी चालू केल्यावर थरथर, आणि वर्कशॉपवाला वॉलनट ब्लास्टिंगचं, म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून तो कार्बन काढायचं, कोटेशन हातात ठेवतो. तीन-चार किलोमीटरसाठी टर्बो इंजिन रोज गार चालू करून गारच बंद करणं हा त्या इंजिनवर अन्यायच आहे, त्यापेक्षा सायकल किंवा ॲक्टिव्हा काढा.

गिअरबॉक्सचं मात्र नीट समजून घ्या कारण सगळ्यात मोठं बिल इथून येतं. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ड्राय (तेलाशिवाय चालणाऱ्या) क्लचवाला असेल तर बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट पकडलेला राहतो आणि तापतो, पुढे जाऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके द्यायला लागतो. वेट क्लचवाले तेलात बुडालेले असतात, त्यांना उष्णता जास्त सोसते, पण त्यांचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावं लागतं. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा नेहमीचा ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकची फार चिंता नको. मॅन्युअल असेल तर क्लच प्लेट आणि तुमचा डावा गुडघा दोन्ही विचारात घ्या. कुठला गिअरबॉक्स आहे हे सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारून घ्या, आणि ड्राय क्लच असून वॉरंटी संपत आली असेल तर निर्णय लांबवू नका, विकायचंच असेल तर वॉरंटी शिल्लक असतानाच विका, पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं.

मग रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर बहुतेक खाली बसक्या गाड्याही हळूच तिरक्या घेऊन निघतात. पण सोसायटीच्या गेटवरचा आणि गल्लीतला ब्रेकर उंचीला तेवढाच किंवा जास्त आणि रुंदीला जेमतेम हातभर असतो, तिथे पोट घासतंच. तुमच्या रोजच्या रस्त्यावर घासणारे असे किती आहेत ते मोजा, एखाद-दुसरा असेल तर रस्ता बदलून बघा. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या टायरची बाजूची भिंत (साइडवॉल) एका खड्ड्यात फुगते, आणि फुगा आला की टायर बदलायचाच, त्याला पंक्चरसारखा इलाज नाही. पावसाळ्यात ज्या अंडरपासमध्ये पाणी साचतं तिथून या गाड्या नेऊच नका, एअर इनटेक खाली असतो आणि पाणी आत गेलं की इंजिनच्या कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं, तेव्हा आजच पॉलिसी काढून बघा ते आहे का.

अजून एक, पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं झालंय. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणाच्या आत कुठलं पेट्रोल चालतं ते वाचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या डिझाइनच्या आणि ई१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिलाय. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी ठेवायची ठरली तर महिनोन्महिने कव्हर घालून उभी करणं बरोबर नाही, दहा-पंधरा दिवसांत एकदा तरी अर्धा तास नीट चालवायला हवी.

आता मुख्य काम. एक महिना ऑफिसला ही गाडी न्यायचीच नाही. कंपनीची बस असेल तर बस, कॅब, शेअरिंग, दुचाकी, काहीही. वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे आणि पिंपरी चिंचवड ते स्वारगेट त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून, तुमचं घर आणि ऑफिस या दोन लाइनच्या आसपास असेल तर तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. पावसाळा सोडून कुठलाही महिना घ्या, आणि त्या महिन्यात दोनच गोष्टी बघा. ऑफिसला जाणं सुसह्य झालं का. आणि रविवारी पहाटे कोणी न सांगता तुम्ही किल्ली उचलून ताम्हिणीला, पसरणी घाटात किंवा सातारा रोडला गेलात का. दोन्हीला हो असेल तर गाडी ठेवा, तिला फक्त ऑफिसातून सोडवायचं होतं. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असेल, म्हणजे महिनाभर कव्हर निघालंच नाही, तर तुम्हाला गाडी आवडते ती पार्किंगमध्ये असलेली, आणि त्यासाठी एवढे पैसे अडकवायला नकोत. पहिल्यालाच नाही आलं, गाडीशिवाय ऑफिस जमतच नाही, तर ही गाडी देऊन चांगली टॉर्क कन्व्हर्टरवाली सेडान किंवा हायब्रीड घेण्याचा विचार करा. या परीक्षेवर माझा फार विश्वास आहे कारण कागदावरचा हिशोब आपण हवा तसा वाकवतो, हा महिना वाकवता येत नाही.

तरी कागदावरचा हिशोब करायचाच, पण पूर्ण करायचा. समजा गाडीला आज बाजारात ३० लाख येतात. तेच पैसे ७ टक्के एफडीत वर्षाला २ लाख १० हजार देतील, हा खर्च कोणी धरतच नाही. इन्शुरन्स ६५ हजार, सर्व्हिस आणि टायर मिळून ८० हजार, आणि वर्षभरात किंमत २ लाखांनी उतरेल असं धरलं तर साडेपाच लाख झाले. ऑफिस बंद करून तुम्ही वर्षात २४ वेळा ती मनापासून चालवणार असाल तर एका वेळेचे साधारण २३ हजार रुपये पडले, पेट्रोल वेगळं. हा आकडा बायकोला, नवऱ्याला, आई-वडिलांना, ज्याच्याशी घरातले पैसे बोलता त्यांना मोठ्याने सांगून बघा. सांगताना आवाज अडखळला नाही तर खुशाल ठेवा. ईएमआय चालू असेल तर जेवढं कर्ज बाकी आहे तेवढ्या रकमेवर एफडीच्या व्याजाऐवजी कर्जाचं व्याज धरा. आणि या सगळ्यात गाडी घेताना किती दिले होते ते मध्ये आणू नका, ते पैसे गेलेत, प्रश्न आजच्या ३० लाखांचा आहे.

बाजारातली किंमत म्हणजे पॉलिसीवरची आयडीव्ही (इन्शुरन्स कंपनीने धरलेली गाडीची किंमत) नव्हे हेही लक्षात ठेवा. आयडीव्ही ठरलेल्या टक्क्यांनी उतरते, चौथं वर्ष संपून पाचवं चालू असेल तर शोरूम किमतीच्या निम्म्यावर. बाजार तसा चालत नाही. ज्या गाड्या थोड्याच आल्या आणि पुन्हा सहज मिळणार नाहीत त्यांची किंमत टिकते. ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात २०२० मध्ये २०० च आल्या, किंमत ३६ लाखांच्या आसपास, आणि २०२५ मध्ये नवीन आरएस आली ती १०० च, जवळपास ५० लाखांना. अशी गाडी एकदा विकली की परत घ्यायला जास्त पैसे आणि नशीब दोन्ही लागतं. माझं स्पष्ट मत आहे की थोड्या आलेल्या, ओरिजिनल, ॲक्सिडेंट न झालेल्या गाडीच्या बाबतीत शंका असेल तर विकू नका, आणि भरपूर विकली गेलेली, वॉरंटी संपत आलेली गाडी असेल तर शंका असताना विकून टाका.

विकायची ठरली तर डिसेंबर संपायच्या आत व्यवहार उरका, १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्ष म्हातारी होते आणि डीलर तेच पकडून बसतो. भर पावसात बसकी गाडी बघायला फार कोणी येत नाही. रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल), बाहेरचा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज असतील तर शक्य तेवढं कंपनीने दिलं होतं तसं करा आणि गिऱ्हाइकाला काय काय केलं होतं ते स्वतःहून सांगा, शौकीन माणूस स्कॅनर लावतो तेव्हा ते बाहेर येतंच. एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर जीएसटी नाही, डीलर मात्र स्वतःच्या मार्जिनवर १८ टक्के भरतो, त्यामुळे डीलरचा भाव कमी येणार हे धरून चाला. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका, कायद्याने चालत नाही.

कागदांकडे दुर्लक्ष नको, अजिबात नको. कर्ज फेडलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरून बँकेचं नाव काढा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसीसुद्धा. नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली तर पोर्टलवर फॉर्म २९सी भरून घ्या, नुसत्या डिलिव्हरी नोटवर किल्ली देऊ नका. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. ताकदवान गाडी नव्या मालकाच्या हातात आणि नाव तुमचं, यापेक्षा मोठी जोखीम नाही. चलनं भरून टाका, फास्टॅग बंद करा, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवून घ्या, आणि इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचं (नो क्लेम बोनस) पत्र नक्की मागा. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर तिच्या पॉलिसीला लावता येतो.