निवृत्तीला तीन वर्षं असतानाच मेडिक्लेमची तयारी

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आपण गेटपास जमा करतो आणि बहुतेक कंपन्यांत त्याच दिवशी ग्रुप मेडिक्लेमही संपतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझी ३१ वर्षं गेली. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे कागद मी सहा महिने आधी लावून ठेवले होते, मेडिक्लेमचं मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिलं. निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी आम्हा दोघांची पॉलिसी घेतली. चौदाव्या महिन्यात बायकोला मोतीबिंदू निघाला आणि पॉलिसीत मोतीबिंदूसाठी २४ महिने थांबायची अट होती. क्लेम नामंजूर झाला. अट छापलेलीच होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन एफडी मोडून केलं. माझ्यामागून निवृत्त होणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडला तर काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा ठरावीक यादीसाठी बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. बीपी-शुगरसारखे आधीपासूनचे आजार असतील तर जास्तीत जास्त तीन वर्षं. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. हे दिवस कंपनीचा मेडिक्लेम चालू असतानाच भरून निघाले, तर निवृत्तीच्या दिवशी तुमची स्वतःची पॉलिसी पिकलेली असते. म्हणून ५५व्या वर्षीच स्वतंत्र पॉलिसी घ्या. कंपनीचा मेडिक्लेम असताना वेगळा हप्ता भरणं जिवावर येतं हे खरं, पण ते पैसे वाया जात नाहीत.

वेळ निघून गेली असेल तर एक वाट आहे. ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि तोवर भरलेला थांबण्याचा काळ धरला जातो. अर्ज तपासून मगच मंजूर होतो, म्हणून शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी एचआरकडून लेखी माहिती मागा. निवृत्त झाल्यावर एचआरमध्ये आपली दाद लागणं अवघड असतं.

मग घरातल्या दोघांच्या आजारांची फाईल काढा. शुगर नेमकी कोणत्या महिन्यात निघाली, गोळ्या कधी सुरू झाल्या, कोणतं ऑपरेशन कुठं झालं, हे तारखांसकट एका कागदावर लिहा आणि तोच कागद घरच्यांनाही द्या. याचं कारण सांगतो. ॲडमिट होताना शिकाऊ डॉक्टर विचारतात, ‘बीपी किती दिवसांपासून?’ शेजारी उभं असलेलं कुणीतरी सहज म्हणतं, ‘झाली की दहा-बारा वर्षं.’ ते केसपेपरवर चढतं. पॉलिसी घेतानाच्या फॉर्ममध्ये चार वर्षं लिहिलेली असतील, तर विमा कंपनी तेवढंच वाक्य धरून बसते.

फॉर्म स्वतः भरा, निदान ओळ न् ओळ वाचून मगच सही करा. मला एका एजंटनं सांगितलं होतं, ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.’ मी लिहिली आणि हप्ता वाढला. ६० महिने सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नसतं. पाच वर्षं जिवाला घोर लावून काढण्यापेक्षा वाढीव हप्ता बरा.

रक्कम ठरवताना मुलांच्या पॉलिसीत स्वतःला घालू नका. फॅमिली फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि एकाच्या आजारपणात सगळ्यांची रक्कम आटते. नवरा-बायकोची मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ५ लाखांच्या वरचा खर्च उचलणारी जोडपॉलिसी, ही जोडी मला सर्वांत परवडणारी वाटते. ‘सुपर’ हा शब्द तपासून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये एकाच वेळचं बिल ५ लाखांवर जावं लागतं. सुपरमध्ये वर्षभरातली सगळी बिलं मिळून धरतात. आपल्या वयात एकाच वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागणं काही दुर्मीळ नाही.

रूम रेंटच्या ओळीवर मात्र बोट ठेवून थांबा. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या एक टक्का असेल, तर दिवसाला ५,००० रुपये झाले. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत तर वरचे तीन हजारच खिशातून जातील असं वाटतं. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च २ लाखांचे असतील तर हाती १ लाख २५ हजार येतात. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग मिळाली तरी तीच घ्या. को-पेचंही असंच आहे: २० टक्के को-पे म्हणजे दर बिलातला पाचवा हिस्सा आपला. हप्ता खूपच कमी दिसला की ही अट आधी शोधा.

घराजवळची दोन-तीन हॉस्पिटलं निवडा आणि त्यांच्या इन्शुरन्स डेस्कवर स्वतः जाऊन विचारा की या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल विमा कंपनीनं परस्पर भरण्याची सोय, सध्या चालू आहे का. वेबसाईटवरच्या यादीवर भिस्त ठेवू नका. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यावी, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२४चा नियम आहे. तो डेस्कवर बोलताना माहीत असलेला बरा.

सरकारी योजनेला कमी लेखू नका. घरात ७० पूर्ण झालेलं कुणी असेल तर आयुष्मान कार्ड याच आठवड्यात काढा. आधार लागतं, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. दोन्ही ठरावीक हॉस्पिटलांत आणि ठरावीक उपचारांसाठीच चालतात, म्हणून आपलं हॉस्पिटल यादीत आहे का ते पाहून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. हप्त्यावरची आयकर सवलत (८०डी) जुन्या करपद्धतीतच मिळते आणि हप्ता रोखीनं भरला तर तीही नाही. साठीनंतर आयआरडीएआयशी सल्लामसलत केल्याशिवाय कंपनीला वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. पण १० टक्के धरले तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. तेवढ्यासाठी वेगळी एफडी करा.

पॉलिसी हातात आली की ३० दिवस परत करायची मुभा असते. त्या दिवसांत तिच्यासोबतचं माहितीपत्रक दोघांनी मिळून वाचा आणि फॉर्मच्या प्रतीत शुगर-बीपी नीट चढलेत का ते पाहा. आमच्याकडे आता सगळं एका निळ्या बॉक्स फाईलमध्ये आहे आणि ती देवघराशेजारच्या कपाटात असते. कार्डाचे फोटो मुलीच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये आहेत. अचानक ॲडमिट झाल्यावर २४ तासांत कळवायचा नंबर फाईलच्या झाकणावर मोठ्या अक्षरात बायकोनं लिहिला आहे, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.