जुनी विज्ञानकथा-फॅनझिनं हाताळताय? या चुका टाळा

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या पंधरा-सतरा वर्षांच्या पोरांनी घरच्या घरी काढलेली विज्ञानकथेची हौशी मासिकं आता इथे बसून वाचता येतात. एकट्या आयोवा विद्यापीठाकडे रस्टी हेवेलिन यांच्या संग्रहातली दहा हजारांच्या आसपास फॅनझिनं आहेत आणि २०१५ पासून ती डिजिटल स्वरूपात आणायचं काम सुरू झालं. त्यामुळे मराठीतही या विषयावर लिहिणारे वाढलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दिवाळी अंकांचा हंगाम आला की माझ्याकडे वाचायला येणाऱ्या मजकुरात चुका त्याच त्या. दर वेळी नव्या माणसाला तेच पत्र लिहून मी थकले आहे, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते.

एकच अंक वाचून लेख लिहिणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथेचं व्यावसायिक मासिक सुरू केलं आणि पुढे त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापली जाऊ लागली. पत्ते मिळाल्यावर वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले. दहा जणांना तेच पत्र हाताने लिहिण्यापेक्षा त्याच्या प्रती काढाव्यात, इतक्या साध्या गरजेतून पुष्कळशी फॅनझिनं निघाली. म्हणजे तुमच्या हातातला अंक हा चाललेल्या गप्पांमधला एक तुकडा असतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी आधीच्या बोलण्याला दिलेलं उत्तर असतं. आधीचं बोलणं ठाऊक नसेल तर थट्टा कुठली आणि भांडण कुठलं, हे कळायला मार्गच नाही.

एका हुशार, वाचन असलेल्या मुलाने मला लेख पाठवला होता. त्याचं म्हणणं असं, की १९३४-३५ मध्ये अमेरिकन वाचकांनी मासिकांच्या बांधणीत तारेच्या पिना वापरण्याविरुद्ध चळवळ उभारली, संस्था काढली, विरोधी संस्थाही निघाली, आणि यातून त्या काळच्या छपाई उद्योगातले ताणतणाव दिसतात. आठ पानं होती. वाक्यं सुबक होती. पण सगळा डोलारा एका थट्टेवर उभा होता. बॉब टकर नावाच्या इलिनॉयमधल्या तरुणाने ‘अ‍ॅस्टाउंडिंग’ या दुसऱ्या व्यावसायिक मासिकाच्या पत्रस्तंभात गंमत म्हणून पिनाविरोधी संस्थेची घोषणा केली होती. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड वोल्हाइमने तितक्याच गंभीर चेहऱ्याने पिनांच्या समर्थनार्थ दुसरी संस्था काढली, तिचं नाव मुद्दाम एका दमात म्हणता येणार नाही इतकं लांब ठेवलं, आणि दोन्हीकडच्या सभासदांनी एकमेकांना भारदस्त पदव्या वाटल्या. पुढे १९३६ मध्ये टकर वारल्याचं पत्र त्याच मासिकाकडे पोहोचलं. तेही खोटं होतं. टकर २००६ पर्यंत जगला.

त्या मुलाने या वादातला एकच अंक वाचला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मॅडम, बाकीचे वाचायला वेळ नव्हता, लेखाची मुदत होती.” मुदत मलाही कळते. पण मग विषय दुसरा घ्यावा. पुढचे-मागचे दोन-तीन अंक त्याने चाळले असते तर त्याला मूळ कल्पनेपेक्षा चांगला लेख मिळाला असता: मंदीच्या काळात, खिशात दमडी नसताना, एकमेकांना कधीही न भेटलेली पोरं टपालाच्या तिकिटावर कसा खेळ मांडतात, याचा.

माझी स्वतःची सवय सांगते. अंक हातात आला की मी मागून वाचते. आधी पत्रं, मग संपादकीय, कथा सर्वांत शेवटी. शेजारी वही असते. ‘कोण कुणाला उत्तर देतंय’ एवढंच तिच्यात लिहायचं. ज्या नावाचं आधीचं बोलणं सापडत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पानभर प्रश्नचिन्हं असतील तर लिहायला बसायचं नाही. ही काही संशोधनाची पद्धत नव्हे, पण हिने मला अनेकदा वाचवलं आहे.

याच चुकीचं मोठं भावंड म्हणजे एकाच माणसाचा इतिहास प्रमाण मानणं. २ जुलै १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन सुरू झालं आणि फ्यूचरियन या चाहत्यांच्या गटातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवलं गेलं: वोल्हाइम, जॉन मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंडेस, सिरिल कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी. या प्रसंगाची सगळ्यात तपशीलवार हकिगत सॅम मॉस्कोविट्झने लिहिली आहे, आणि प्रवेश नाकारणाऱ्या आयोजकांचा प्रमुख तोच होता. त्याचं लेखन टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्याच्याइतके कागद कुणी जपले नाहीत. पण पोलनेही त्या दिवसाबद्दल लिहिलं आहे, तेही शेजारी ठेवा. आयोजकांचा राग ज्या पिवळ्या पत्रकांवर होता ती डेव्हिड काइलने छापली होती आणि तो स्वतः सभागृहात जाऊन बसला होता, हा तपशील दोन्ही बाजू वाचल्याशिवाय नीट उलगडत नाही.

हेक्टोग्राफच्या पानांना ऊन दाखवणं

हा भाग ज्यांच्याकडे खरे कागद येतात त्यांच्यासाठी. माझ्या हातून झालेली ही चूक आहे आणि तिची आठवण आजही टोचते.

आधी यंत्राबद्दल. आपल्याकडे जुन्या छपाईची कुठलीही धूसर प्रत दिसली की ‘सायक्लोस्टाइल’ म्हणून मोकळे होतात. फॅनझिनांमध्ये दोन अगदी वेगळ्या पद्धती दिसतात. एक मिमिओग्राफ, म्हणजे आपलं सायक्लोस्टाइलच: मेणाचा थर असलेल्या स्टेन्सिलवर टंकलेखन करायचं, अक्षरांच्या जागी मेण निघतं, तिथून शाई झिरपते. शेकडो प्रती निघतात. दुसरी हेक्टोग्राफ. यात उथळ थाळीत जिलेटिन आणि ग्लिसरिनचा जेलीसारखा थर असतो. खास रंगाने लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबायचा, रंग जेलीत उतरतो, मग कोरे कागद एकेक करून दाबायचे आणि उचलायचे. नावातल्या ‘हेक्टो’चा अर्थ शंभर असला तरी पन्नासेक प्रतींनंतर अक्षर दिसेनासं होतं. १९३७ मध्ये वोल्हाइम आणि मिशेलने फॅन्टसी अ‍ॅमॅच्युअर प्रेस असोसिएशन, म्हणजे आपापले अंक एकमेकांना वाटणाऱ्या सभासदांची संस्था, काढली तेव्हा सभासद पन्नासपर्यंतच ठेवले होते, त्याचं कारण या थाळीत आहे.

हेक्टोग्राफची खरी श्रीमंती म्हणजे रंग. मिमिओग्राफवर प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागतो. हेक्टोग्राफवर जांभळा, लाल, हिरवा, निळा सगळे एकाच वेळी उमटतात. म्हणून चित्रं काढणारी पोरं या पद्धतीच्या प्रेमात होती. पण हे रंग म्हणजे अ‍ॅनिलिनचे, उन्हाला अजिबात न टिकणारे.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका परिचितांनी जुन्या कागदांच्या खोक्यातून निघालेला १९३० च्या दशकाच्या अखेरचा एक अंक मला विश्वासाने पाठवला. बारा पानं, जांभळी अक्षरं, मुखपृष्ठावर तीन रंगांत अवकाशयान. ऐन पावसाळ्यात पुण्यात पोचला. कागद दमट लागत होता. मी घाईघाईने सगळी पानं कृष्णधवल स्कॅन केली, कारण फाइल लहान होते आणि मजकूर तर वाचता येतो ना, असा विचार केला. मग पाऊस उघडल्यावर, लहानपणापासून घरात पाहिलं होतं तसं, पानांना ऊन दाखवायला गॅलरीत ठेवलं. आपल्याकडे कसर लागू नये म्हणून पुस्तकांना ऊन देतातच. चार दिवस रोज दुपारी. पाचव्या दिवशी पानं आत घेताना लक्षात आलं की अवकाशयानाचा लाल पार उडालाय, हिरवा शोधावा लागतोय, आणि अक्षरं जांभळं धुतलेल्या पाण्यासारखी फिकट झालीत. माझ्याकडे उरलेल्या स्कॅनमध्ये रंगाचा पुरावाच नव्हता. पन्नासेक प्रतींपैकी जगात किती उरल्या असतील कोण जाणे, त्यातली एक माझ्या गॅलरीत गेली. त्या परिचितांना फोन करायला मला आठवडा लागला.

तेव्हापासून घरात नियम आहे. जुना कागद आला की आधी पडदे ओढायचे. दमट असेल तर साध्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून पंख्याखाली, सावलीत. मजकूर काळा दिसो की जांभळा, स्कॅन पहिल्याच दिवशी आणि रंगीतच, निदान ४०० डीपीआयला. फोनवरची ‘स्कॅन’ करणारी अ‍ॅप्स वापरू नका. ती पान ‘स्वच्छ’ करतात, म्हणजे फिकट रंग पांढरा समजून पुसून टाकतात, आणि तुम्हाला कळतही नाही. दोन मिनिटं वाचवण्यासाठी लोक हा मार्ग घेतात आणि मग पान वाचता येत नाही म्हणून मला विचारतात.

गंजलेल्या पिना ओढून काढू नका. मागून पाय सरळ करा, मग उचला.

यंत्राने ओळखून दिलेला मजकूर तपासल्याशिवाय उद्धृत करू नका. अंधूक टंकलेखनात ३ आणि ८ ची अदलाबदल नेहमी होते.

‘पहिलं फॅनझिन’ ठरवून टाकणं

लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘जगातलं पहिलं’ लिहायचा मोह आवरा. सर्वसाधारणपणे मान मिळतो तो मे १९३० च्या ‘द कॉमेट’ला. शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबचं ते मुखपत्र, संपादक रेमंड पामर. पण ते उघडून पाहिलं तर त्यात कथांपेक्षा विज्ञानच जास्त आहे, कारण क्लबचा उद्देशच तो होता. विज्ञानकथेलाच वाहिलेलं हवं असेल तर काही जण जानेवारी १९३२ च्या ‘द टाइम ट्रॅव्हलर’कडे बोट दाखवतात. आणि सुपरमॅनचा सहनिर्माता जेरी सीगलने त्याआधी, १९२९ मध्येच, ‘कॉस्मिक स्टोरीज’ काढल्याचं सांगितलं जातं, पण त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. प्रत नसताना त्याला पहिलं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचा लेख पुढे वाचत नाही. कुठल्या अर्थाने पहिलं, ते लिहा. एक वाक्य जास्त लागेल, लागू दे.

आणि १९३० मधल्या माणसाच्या तोंडी ‘फॅनझिन’ शब्द घालू नका. तो शब्द लुई रसेल शोव्हनेने ऑक्टोबर १९४० मध्ये बनवला. तोवर ही पोरं ‘फॅन मॅगझिन’ किंवा ‘फॅनमॅग’ म्हणत.

आपल्या लघुअनियतकालिकांशी जोडणं

हे फक्त मराठीत होतं. सायक्लोस्टाइल दिसलं की ‘शब्द’पासून साठच्या दशकातल्या अनियतकालिकांपर्यंत सगळं आठवतं आणि लेखात ‘प्रस्थापितांविरुद्धचं बंड’ येतं. आपल्या कवींचं भांडण प्रतिष्ठित मासिकांच्या अभिरुचीशी होतं. या पोरांचं व्यावसायिक मासिकांवर जिवापाड प्रेम होतं आणि त्यात नोकरी मिळावी हे स्वप्न होतं. सतरा वर्षांच्या चार्ल्स हॉर्निगने १९३३ मध्ये ‘द फॅन्टसी फॅन’ काढलं, गर्न्सबॅकने ते पाहिलं आणि त्याला थेट ‘वंडर स्टोरीज’चा व्यवस्थापकीय संपादक केलं. असा शेवट बंडखोराचा होत नाही. तुलना करायचीच असेल तर आपल्या कॉलेजांतल्या हस्तलिखित अंकांशी करा, ती जवळची आहे.

सगळी गोरी अमेरिकन पोरंच होती असं धरून चालणं

न्यूयॉर्कच्या ‘सायन्सियर्स’ क्लबचा पहिला अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड हा कृष्णवर्णीय होता आणि १९२९-३० मध्ये सभासद हार्लेममधल्या त्याच्या घरी जमत. लॉस एंजेलिसमध्ये मर्टल डग्लस, चाहत्यांमध्ये ‘मोरोयो’, फॉरेस्ट अ‍ॅकरमनबरोबर बरोबरीने फॅनझिन चालवत होती. १९३९ च्या संमेलनात अ‍ॅकरमनने घातलेला भविष्यकाळातला पोशाख तिनेच शिवला होता, तरी छायाचित्राखाली नाव बहुधा त्याचं एकट्याचं असतं. हे मला अजिबात सहन होत नाही. इंग्लंडमध्ये नुनीटनहून मॉरिस हॅन्सनने मार्च १९३६ मध्ये ‘नोव्हे टेरे’ सुरू केलं, तेच पुढे ‘न्यू वर्ल्ड्स’ झालं.

टोपणनावांत फसणं

रे ब्रॅडबरीने १९३९-४० मध्ये ‘फ्यूचरिया फँटेशिया’चे चार अंक काढले. त्यातली ‘रॉन रेनॉल्ड्स’ची कथाही त्याचीच. जानेवारी १९३३ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ या फॅनझिनात सुपरमॅन नाव पहिल्यांदा येतं त्या कथेवर ‘हर्बर्ट एस. फाइन’ असं नाव आहे, लेखक मात्र सीगल. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अनोळखी नाव दिसलं की संपादकाची शैली आधी ताडून पाहा.

छापलेल्या महिन्यावर विश्वास ठेवणं

पोरांकडे वेळ असे, पैसे नसत. मार्चचा अंक जूनमध्ये निघे आणि कव्हरवर मार्चच राही. कित्येक अंकांवर तारीखच नाही. मी पत्रांतून काढते: वाचक ‘अ‍ॅस्टाउंडिंग’च्या किंवा ‘वंडर’च्या कुठल्या अंकावर बोलतायत ते पाहायचं. इथेही सांभाळा, व्यावसायिक मासिकं कव्हरवरच्या महिन्याच्या आधीच दुकानात येत, म्हणून मेचा अंक एप्रिलमध्येच वाचलेला असू शकतो. याहून नेमकं हवं असेल तर टपालाचा शिक्का शोधा. पुष्कळ अंक पाकिटाशिवाय, नुसते दुमडून, पाठीवर पत्ता लिहून पाठवत. म्हणून शेवटचं कोरं दिसणारं पान स्कॅन करायचं कधीही सोडू नका, बहुतेक वेळा शिक्का तिथेच असतो.