परवाना मिळाल्यानंतर: अमेरिकेतील हौशी वैमानिकासाठी उड्डाणाची आखणी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काही जण नोकरी सांभाळून विमान चालवायला शिकतात आणि फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे एफएएचा, खासगी वैमानिकाचा परवाना मिळवतात. शिकत असताना प्रत्येक टप्पा प्रशिक्षकाने आखून दिलेला असतो. परवाना हाती आल्यावर मात्र पुढचा अभ्यासक्रम कोणीही देत नाही, आणि अनेकांचे उड्डाण वर्षभरातच थांबते. त्या टप्प्यावरील वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे उत्तर कॅलिफोर्नियातील आणि विमान सेसना १७२ गृहीत धरले आहे, कारण भाड्याने सर्वांत सहज मिळते ते हेच.

हौशी वैमानिकाला कोठेही ठरल्या वेळी पोहोचण्याची सक्ती नसते. विमान कंपनीतील वैमानिकाजवळ दुसरे इंजिन, सहवैमानिक आणि बर्फ वितळवणारी यंत्रणा असते. आपल्याजवळ यांपैकी काहीही नसले, तरी न जाण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे असते. म्हणून विमान, ठिकाण, सोबती आणि दिवस निवडताना उड्डाण रद्द करणे सोपे राहील का, हा प्रश्न आधी विचारावा.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. परवान्याला स्वतःची मुदत नसते, परंतु तो वापरण्यासाठी दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवरील आणि एक तास हवेतील उजळणी करावी लागते. प्रवासी न्यायचे असतील, तर मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानाची तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात. रात्रीच्या प्रवासासाठी ही अवतरणे रात्रीच, धावपट्टीवर विमान पूर्ण थांबवून केलेली असावीत. तृतीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीच्या आत ६० महिने आणि त्यानंतर २४ महिने चालते. ही केवळ कायदेशीर किमान पातळी आहे. तीन महिन्यांत तीन अवतरणे करणारा वैमानिक कायद्याच्या दृष्टीने पात्र असला, तरी आडव्या वाऱ्यात त्याचा हात बसलेला असेलच असे नाही. माझ्या मते दोन उड्डाणांत तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये, आणि पडलेच, तर पुढचा तास प्रशिक्षकाबरोबर घालवावा. वर्षातून दोन लांबच्या सहलींपेक्षा महिन्यातून दोनदा तासभर केलेले उड्डाण कौशल्य अधिक टिकवते.

विमान घरचे असावे की भाड्याचे, याचे उत्तर वर्षाकाठी किती तास उडणार यावर अवलंबून असते. पहिल्या एक-दोन वर्षांत विकत घेण्याचा विचार बाजूला ठेवावा, कारण उडालात किंवा नाही तरी हँगर किंवा टाय-डाउनचे (विमान उघड्यावर बांधून ठेवण्याच्या जागेचे) भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च येतच राहतो. फ्लाइंग क्लबचे सभासदत्व हा मधला मार्ग चांगला, कारण त्यात विमानाबरोबर सोबतीही मिळतात. भाडे ठरवताना दर इंधनासह आहे की इंधनाविना, तास हॉब्स मीटरने (प्रत्यक्ष चालू वेळेनुसार) मोजतात की टॅकोमीटरने (इंजिनाच्या फेऱ्यांनुसार), आणि मुक्कामी नेल्यास दर दिवशी किमान किती तासांचे पैसे द्यावे लागतात, हे विचारून घ्यावे. ही शेवटची अट दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे: अडकलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे चढत असेल, तर परतीच्या सकाळी ढग खाली असूनही निघण्याचा मोह होतो. क्लबचा विमा बहुधा क्लबचे हित जपतो. स्वतःसाठी भाडेकरू वैमानिकाचा वेगळा विमा घ्यावा.

ठिकाणांची निवड चढत्या क्रमाने करावी. पालो आल्टो किंवा सॅन कार्लोसहून हाफ मून बे हे अगदी जवळचे ठिकाण. धावपट्टी ५,००० फुटांची, नियंत्रकांचा टॉवर नाही, आणि बंदरावरील खाणावळी चालत जाण्याइतक्या जवळ. येथे खरी परीक्षा धुक्याची असते. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा ढगांचा थर सकाळी रेंगाळतो आणि सायंकाळी पुन्हा आत सरकतो, त्यामुळे दुपारच्या जेवणासाठी जावे आणि चार वाजेपर्यंत निघावे. त्यानंतर कोअलिंगाजवळचे हॅरिस रँच घ्यावे. तेथील धावपट्टी अवघी ३० फूट रुंद असल्याने अवतरणाच्या वेळी आपण नेहमीपेक्षा उंच आहोत असा भास होतो आणि विमान गरजेपेक्षा खालून आणले जाते. हा दृष्टिभ्रम पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. सोन्याच्या शोधकाळातील गाव जपलेले कोलंबिया हे डोंगरपायथ्याचे ठिकाणही याच टप्प्यात बसते.

साउथ लेक टाहो मात्र प्रशिक्षकाशिवाय प्रथमच गाठू नये. विमानतळाची उंची सुमारे ६,२७० फूट आहे. प्रमाण वातावरणात तेथे तापमान तीन अंशांच्या आसपास असायला हवे; उन्हाळी दुपारी ते २७ अंश असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ९,००० फुटांच्या वर असल्यासारखे वागावे लागते. इंजिनाची शक्ती घटते, पंख्याची ओढ घटते, चढण्याचा वेग निम्म्याहूनही कमी होतो, आणि चहूबाजूंनी डोंगर असतात. साडेआठ हजार फुटांची धावपट्टी पाहून निर्धास्त होऊ नये. प्रश्न जमीन सोडण्याचा नसून त्यानंतर चढण्याचा आहे. सकाळी लवकर निघावे, वजन कमी ठेवावे, आणि सखल प्रदेशात उड्डाणापूर्वी वापरत नसलेली, इंधन-हवेचे मिश्रण पातळ करण्याची कळ येथे उड्डाणापूर्वीच वापरावी.

पुण्याहून किंवा नागपूरहून आई-वडील आले की त्यांना गोल्डन गेट पूल वरून दाखवावा, अशी इच्छा प्रत्येकालाच होते. अशा वेळी प्रथम वजनाचा हिशेब मांडावा. सेसना १७२एसचे कमाल उड्डाण-वजन २,५५० पौंड आहे. रिकाम्या विमानाचे वजन १,७०० पौंडांच्या आसपास धरले, तर ८५० पौंड उरतात; वापरण्याजोगे पूर्ण ५३ गॅलन इंधन भरल्यास त्यातील ३१८ पौंड जातात आणि माणसांसाठी साधारण २४० किलो राहतात. आसने चार असली, तरी भरल्या टाकीने चार प्रौढ माणसे नेता येत नाहीत. वैमानिक आणि आई-वडील अशा तिघांनी, ३५ गॅलन इंधनावर जावे. पाहुण्यांना वजन विचारण्याचा संकोच आपल्याकडे फार असतो; तो येथे सोडावा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नियंत्रकाने तुमच्या विमानाचे ओळखचिन्ह उच्चारून ‘ब्राव्हो’ क्षेत्रात, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीच्या कडक नियंत्रणाच्या हवाई क्षेत्रात, प्रवेशाची स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय आत शिरू नये. केवळ रेडिओवर संवाद झाला एवढे पुरेसे नसते. त्याच दिवशी बेसबॉलचा सामना आहे का, हेही पाहावे. मोठ्या सामन्यांच्या वेळी, एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत, स्टेडियमभोवती तीन नॉटिकल मैल आणि ३,००० फुटांपर्यंत उड्डाणास बंदी असते, आणि ओरॅकल पार्क अगदी त्या सहलीच्या वाटेवर आहे. उन्हाळ्यात वणव्यांमुळेही तात्पुरती बंदी येते, म्हणून निघण्याच्या तासाभरात सूचना पुन्हा तपासाव्यात.

हवामानाबाबत स्वतःच्या मर्यादा कागदावर लिहून ठेवाव्यात. ‘ई’ वर्गाच्या, म्हणजे सौम्य नियंत्रणाच्या, हवाई क्षेत्रात १०,००० फुटांखाली दृश्यमानतेबाबत कायदा तीन मैलांवर समाधानी होतो. नवख्या वैमानिकाने सहा-सात मैल, ढगांचा तळ ३,००० फुटांच्या वर आणि आडवा वारा आठ नॉटपेक्षा कमी, असे काही तरी ठरवावे आणि धावपट्टीजवळ उभे राहून त्यात सूट देऊ नये. मर्यादा बदलायच्या असतील, तर त्या घरी आणि प्रशिक्षकाशी बोलून बदलाव्यात. दिवसा ३० मिनिटांचे राखीव इंधन कायद्याला पुरते. एक तासाचे ठेवावे. मद्यानंतर आठ तास हा नियम सर्वांना ठाऊक असतो, परंतु वसंतातील ॲलर्जीवर घेतलेल्या बेनाड्रिलनंतर ६० तास थांबण्यास एफएए सांगते, हे अनेकांना ठाऊक नसते.

लांबच्या प्रवासात नियंत्रकांकडून ‘फ्लाइट फॉलोइंग’, म्हणजे रडारवर आपल्यावर लक्ष ठेवण्याची सेवा, मागावे. ते विनामूल्य असते, आणि इंजिन कुरकुरले तर बोलण्यासाठी कोणी तरी आधीच ऐकत असते. फ्लाइट प्लॅन दाखल केला असेल, तर उतरल्यावर तो बंद करावा, अन्यथा अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो.

सोबत्यांना आदल्या दिवशीच सांगावे की उद्या सकाळी हवा पाहूनच निर्णय होईल आणि न जमल्यास गाडीने जाऊ. उपाहारगृहात आरक्षण करू नये, परतीच्या दिवशी विमानतळावरून कोणाला आणण्याचे कबूल करू नये. उड्डाण आणि अवतरणाच्या वेळी गप्पा बंद, हे आजोबांनाही नम्रपणे सांगावे. ओकारीची पिशवी हाताशी द्यावी. पैशांच्या बाबतीत कायदा कडक आहे: इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि भाडे यांतील किमान आपला वाटा वैमानिकाने स्वतः भरलाच पाहिजे. तिघे गेले आणि दोघा प्रवाशांनीच सगळा खर्च उचलला, तर तो प्रेमाचा भाग असला तरी नियमभंग ठरतो.

हात बसल्यावर शेपटीखाली चाक असलेले विमान शिकावे किंवा एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या १९९२ पासून चालणाऱ्या ‘यंग ईगल्स’ उपक्रमात ८ ते १७ वयाच्या मुलांना मोफत फेरी घडवावी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’चा, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेचा, विचार अवश्य करावा, कारण धुक्याचा पातळ थर पार करण्याची कायदेशीर मुभा त्यानेच मिळते. मात्र अमेरिकी नागरिकत्व नसलेल्यांना, ग्रीन कार्ड असले तरी, या प्रशिक्षणापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागते. मूळ परवान्याच्या वेळी मिळालेली मंजुरी २०२४ पूर्वी येथे चालत नसे; आता ती पाच वर्षांपर्यंत वैध राहू शकते. तिची मुदत संपली असेल, तर अर्ज आधी करावा आणि प्रशिक्षकाशी तारखा नंतर ठरवाव्यात.