काढणीच्या दिवसांत पिकअपचं अ‍ॅव्हरेज घसरलं? इंजेक्टर खोलण्याआधी हे तपासा

पाऊस ओसरून काढणी सुरू झाली की मालवाहू पिकअपला उसंत मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत गाडी डिझेल जास्त खाते अशी तक्रार सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला संशय इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर जातो. इंजेक्टरचं काम महागडं आहे, म्हणून त्याच्याकडे सगळ्यात शेवटी वळावं. त्याआधीची बरीच कारणं तुम्हाला स्वतःलाच, फारसा खर्च न करता सापडतात.

पण अ‍ॅव्हरेज खरंच घसरलंय का, ते आधी ठरवा. डिझेलच्या काट्यावर जाऊ नका. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरा. मधले किलोमीटर 540 आणि डिझेल 45 लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज 12. एका टाकीवरून निकाल देऊ नका, तीन-चार टाक्यांचा हिशोब धरा आणि शेजारी लिहा की गाडी भरलेली होती की रिकामी, रस्ता डांबरी होता की शेतातला. भुसभुशीत मातीत भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालत असेल, तर अ‍ॅव्हरेज पडणारच. त्यात गाडीचा काही दोष नाही. माल उतरवायच्या रांगेत इंजिन चालू ठेवायची सवयही अशीच. अशा गाडीचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जाळतं. रोज दोन तास धरले तर दहा दिवसांत 10 ते 20 लिटर गेले, आणि गाडी जागची हललीही नाही. आणखी एक गंमत म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतं आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच घसरतं.

हिशोब करूनही घसरण दिसली, तर आधी चाकांकडे बघा. ओल्या हंगामात चिखल ब्रेक ड्रममध्ये शिरतो, हँडब्रेकची केबल गंजून अडकते आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी धावते, पण ब्रेक ओढतच. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर, होता होईल तो ब्रेक न दाबता गाडी चालवा. मग थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, चिकटवू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. मग सपाट जागी दुसरी चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावून ते चाक जॅकवर उचला आणि न्यूट्रलमध्ये हाताने फिरवून खात्री करा.

हवा टायर गार असताना तपासा. किती हवी ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, विशेषतः मागच्या चाकांचे. थंडी पडू लागली की तापमान पाच-सहा अंशांनी उतरताच टायरची हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. म्हणून महिन्यापूर्वी भरलेल्या हवेवर विसंबू नका. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने टोचरा लागला, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलंय.

काढणीत धूळ फार असते, त्यामुळे एअर फिल्टरची नेहमीची मुदत धरून चालत नाही. मात्र थोडा मळलेला फिल्टर अ‍ॅव्हरेज पार बसवतो, असं मला वाटत नाही. पूर्ण तुंबला की मग गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. साफ करताना तो आपटू नका. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा आणि उजेडासमोर धरून बघा. बारीकसं छिद्र दिसलं तरी फेकून द्या, कारण फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिनच घासून टाकते. दुहेरी फिल्टर असेल तर आतला साफ करत बसू नका, तो बदलायचाच असतो.

फिल्टरपेक्षा जास्त वेळा नजरेआड राहतो तो टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात पाठवणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचा (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडे जाणारा होज, म्हणजे रबरी नळी. त्याला चीर पडली तर ती गाडी उभी असताना बंद दिसते, लोड आला की उघडते. नव्या गाड्यांत सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र त्या हवेच्या हिशोबाने पडतं. चढावर शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि क्लिपजवळ ताजा तेलकट डाग ही त्याची खूण. इंजिन बंद करून, गार झाल्यावर होज हाताने वाकवून बघा.

इंजिनच्या तापमानाचा काटा गरमवर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकला असावा. गार इंजिन जास्त डिझेल घेतं. डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी जाळण्याची क्रियाही मग नीट होत नाही. शेत ते गोदाम अशा छोट्या, सावकाश फेऱ्यांतही तेच होतं. काजळी जाळायला गाडी पुन्हा पुन्हा जास्तीचं डिझेल सोडते आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ऑइल बदला. अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग फेरी होऊ द्या. काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर, पेंढ्यावर किंवा खळ्याजवळ उभी करणं म्हणजे आगीला निमंत्रण.

डिझेल ड्रममध्ये साठवत असाल तर पाणी तळाशी बसतं. तळातलं डिझेल गाडीत घालू नका आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी वेळच्या वेळी काढा. डिझेलचा वास येत असेल तर रिटर्नचे पाइप, म्हणजे इंजेक्टरकडचं उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारे पाइप, तपासा, पण कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) चालू असताना गळती हाताने चाचपू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धारही कातडीतून आत शिरते. असं काही झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

आता इंजेक्टर. गार इंजिन खडखडत असेल, सुरू झाल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहत असेल किंवा आयडलिंगला गाडी थरथरत असेल, तर संशय रास्त आहे. तरीही चारही एकदम बदलायला होकार देऊ नका. मिस्त्रीला आधी रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून इंजिन चालवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमतं, तो इंजेक्टर आधी काढून तपासणीला पाठवा.